मुंग्यांचे बी, द्रीकाची कोंबडी

मुंगी थांबली तशी लेयाही थांबली. भर दुपार, सेडरबर्ग डोंगराचे खडक तापून तवे झालेले, आणि ही बाई पोटावर पालथी पडून कोपरांवर पुढे सरकत होती. हनुवटीला वाळू, केसांत काटक्या, आणि नजर त्या काळ्या मुंगीवर खिळलेली. मुंगीच्या तोंडात चहाचे पिवळे बी होते. ते तिने खाली ठेवले, भोवती एक चक्कर मारली आणि पुन्हा उचलून वाट धरली.

"चल गं बाई, चल," लेया पुटपुटली. "घर कुठं तुझं? एवढं दाखव, मग मी नाही त्रास देत."

मागे गाढवाचा दोर धरून तिचा नवरा फ्लोरिस उभा होता. फ्लोरिस कमी बोलणारा माणूस, पण जे बोलायचा ते नेमके नको तेव्हा.

"लेया, लोक बघतायत."

"बघू देत. मुंगी हरवली तर तुझ्यामुळे हरवेल, सांगून ठेवते."

रॉयबॉसची, म्हणजे इथल्या लाल रानचहाची, ही तऱ्हाच अशी. झुडूप जेमतेम कमरेइतके, पाने सुयांसारखी, थंडी सरली की इवल्या पिवळ्या फुलांनी नुसते लहडते. मग त्याला एवढ्याएवढ्या शेंगा येतात, एका शेंगेत एकच दाणा, आणि उन्हाने शेंग तडकली की तो दाणा कुठच्या कुठे उडतो. माणूस हात पुढे करीपर्यंत सगळे गेलेले असते. मुंग्या मात्र दाणा दाणा वेचून बिळात भरून ठेवतात. विटक्लिप वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होते. पण त्यासाठी जानेवारीच्या, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातल्या, उन्हात पोटावर सरपटायची तयारी एकट्या लेयाचीच होती, आणि त्यावरून वस्तीने तिची यथेच्छ टिंगल केली होती.

मुंगी एका दगडाच्या फटीत शिरली. लेया उठून बसली, कमरेला खोचलेल्या चमच्याने वाळू उकरली, आणि एकदम किंचाळली. फ्लोरिसला वाटले साप चावला.

"फ्लोरिस! कोठार आहे रे हे! अख्खं कोठार!"

वाळूत पिवळे दाणे चमकत होते. तिने ते वाळूसकट डब्यात भरले, थोडे आत राहू दिले, आणि खिशातला पावाचा चुरा बिळाच्या तोंडाशी टाकला. घेतले तर द्यायलाही हवे, असे तिचे म्हणणे.

"आणि पहिलं रोप लावायला कुणाला बोलावणार?" फ्लोरिसने विचारले. "मुंग्यांना?"

विटक्लिपची रीत होती तशी. नव्या वावरातले पहिले रोप ज्याने बी दिले त्याच्या हातून लावायचे. लेयाने त्याच्याकडे असे बघितले की तो गाढवाशी बोलू लागला.

वावर अजून तिचे झालेलेच नव्हते. झऱ्यावरचा उतार ती मागत होती. तिचा बाप आयुष्यभर तिथला रानचहा तोडत आला. फांद्या कुऱ्हाडीने बारीक करायच्या, लाकडी मोगरीने ठेचायच्या, ओल्या ढिगाला घाम फुटून तो लालभडक झाला की खडकावर पसरायचा. त्या खडकावर बापाच्या कुऱ्हाडीचे वण अजून होते. बाप गेल्यावर लोकांनी हावरटासारखी झुडपे मुळासकट ओरबाडली आणि उतार उघडा पडला. जमीन मिशनची, तिचा कारभार म्हाताऱ्या ऊम अडोनिसकडे. सगळी वस्ती त्यांना ऊम, म्हणजे काकाच म्हणायची. शेजारची द्रीका आपल्या शेळ्यांसाठी तोच उतार मागत होती. ऊमनी दोघींना समोर उभे करून सांगितले होते, "स्नेउकोपच्या माथ्यावर पहिलं बर्फ दिसलं की मी येईन. लेया, उतार भरेल इतकी चहाची रोपं दाखव, उतार तुझा. नाही तर द्रीकाच्या शेळ्या."

अडचण एकच होती. चहाचे बी पेरून उगवत नाही, असा सगळ्यांचा अनुभव होता. रानात आपोआप उगवते, वाफ्यात रुसून बसते. लेयाने दोन वर्षे पेरून बघितले, हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी रोपे आली. यंदा तिने ठरवले, बीच इतके पेरायचे की शंभरातले एक उगवले तरी चालेल. अर्धे बी तिने झऱ्याकाठच्या वाफ्यात पेरले. उरलेले अर्धे त्याच दिवशी पत्र्याच्या ताटात घेऊन ती दारात वाळू पाखडत बसली होती. चुलीतल्या राखेत भाजायला ठेवलेल्या भाकरीचा करपट वास आला, म्हणून ती आत धावली. भाकरी उलटून बाहेर आली, तर ताटात द्रीकाची राणी उभी होती.

राणी म्हणजे कोंबडी. अंगाने भरलेली, रंगाने तांबूस, आणि चाल अशी की चर्चमध्ये सगळ्यात शेवटी येऊन सगळ्यात पुढे बसणाऱ्या बाईची. तिने लेयाकडे एक डोळा करून बघितले, ताटातला शेवटचा दाणा टिपला आणि ढेकर दिल्यासारखी मान ताठ केली.

लेयाच्या तोंडचे पाणीच पळाले. मग आवाज आला, तो थेट डोंगरावर जाऊन आपटला.

"आंटी द्रीका! तुमच्या राणीनं माझा उतार खाल्ला!"

द्रीका कमरेवर हात ठेवून बाहेर आली. उंच, हाडकुळी, विधवा बाई. डोक्याला फडके, नाकात तपकीर.

"कोंबडी आहे ती. डोंगर कसा खाईल?"

"बी खाल्लं माझं! चहाचं बी! सगळं!"

"मग झाकून ठेवायचं. कोंबडीला काय ठाऊक तुझं की मुंग्यांचं?"

"तिला नाही ठाऊक. तुम्हाला ठाऊक आहे! शेळ्यांना उतार मिळावा म्हणून मुद्दाम सोडलीत तिला. चोर! कोंबडीला नाही म्हणत मी, तुम्हाला म्हणते!"

तोवर निम्मी वस्ती गोळा झाली होती. द्रीकाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

फ्लोरिसला वाटले काहीतरी उपयोगी बोलावे. "कापून बघू या का? आत असेल अजून."

"तुझा नवरा काप आधी," द्रीका लेयाला म्हणाली. "सकाळी माझ्याकडची दोन अंडी चेपून गेलाय. आत असतील अजून." मग ती वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "राणीच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. पण माझ्या घरात दुसऱ्याचा दाणा राहणार नाही. पोटात असला तरी."

ऊम अडोनिसनी निवाडा दिला तो असा: राणीला धुतलेल्या गोणपाटावर, खोक्यात कोंडायचे. खायला मक्याचा भरडा द्यायचा. जे खाली पडेल ते लेयाचे.

आणि मग विटक्लिपमध्ये अशी धमाल सुरू झाली की विचारू नका. खोक्याच्या एका बाजूला लेया, दुसऱ्या बाजूला द्रीका, दोघी लाकडी ठोकळ्यांवर बसलेल्या, एकमेकींशी अबोला. जे बोलायचे ते कोंबडीमार्फत.

"राणी, पाणी पी गं. काही लोकांना घाई आहे."

"पी बाई पी. चोरीचा माल पचायला जड असतो."

लोक कामधंदा सोडून येत होते. चपला शिवणारा हातातला टाका तसाच धरून आला. कुणी चहाची किटली आणली, कुणी सुकी मासळी. राणीने एवढा दरबार बघून आधी काय केले, तर अंडे घातले.

"बघा!" द्रीका उसळून उठली. "चोर कधी देऊन जातो का?"

शेवटी जे व्हायचे ते झाले. लेयाने गोणपाट उचलले, झऱ्यावर पळाली, चाळणीत धुतले आणि ओरडली, "आलं! एक आलं!" लोकांनी टाळ्या पिटल्या. एक म्हातारा तर टोपी काढून उभा राहिला. असे दोन दिवस चालले. राणीने गिळले होते ओंजळभर, परत केले चिमूटभर. बाकीचे तिने पचवले. जे आले त्याचीही रया गेली होती. आधी काचेसारखे तुळतुळीत होते, आता खरवडलेले, मळकट.

लेयाने ते वाफ्याच्या कोपऱ्यात फेकल्यासारखे पेरले, वर माती लोटली आणि घरी येऊन रडली. फ्लोरिस शेजारी बसून राहिला.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये द्रीकाच्या बाकावर कुणी बसले नाही. ती एकटीच मोठ्याने गात होती. लेयाने ते बघितले आणि मान वळवली.

पुढच्या आठवड्यात लेया पाणी घालायला गेली. रोजच्यासारखी वाफ्यावर नजर टाकली; उघडी माती. मग कोपऱ्याकडे बघितले, आणि हातातली बादली पायावर पडली. तिला कळलेही नाही.

कोपरा हिरवा झाला होता! दाट, पोपटी, सुईच्या टोकाएवढी पाने, एकमेकांना ढकलत वर आलेली. जवळजवळ प्रत्येक दाणा उगवला होता.

"फ्लोरिस! फ्लोरिस, ये रे! अरे मरू दे ते गाढव, तू ये!"

तो धापा टाकत आला. दोघे गुडघ्यांवर बसून बघत राहिले. मग लेयाने बाकीचा वाफा बोटांनी उकरला. बी होते तिथेच होते, तसेच तुळतुळीत. तिने एक दाणा दातांखाली धरला. दात कळवळला, दाणा ढिम्म.

"दगड आहे हा," ती म्हणाली. "पाणी शिरतच नाही आत. राणीनं याला काहीतरी केलं. पोटात काहीतरी केलं तिनं!"

तिने सगळा वाफा चाळला, बी फडक्यात बांधले आणि धावत द्रीकाच्या दारात उभी राहिली. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"आंटी, राणी द्या. हे तिला खाऊ घालू या. उगवलं आंटी, तिच्या पोटातलं उगवलं!"

द्रीका हसली ती तपकीर उडेपर्यंत. "परवा तुझा नवरा तिला कापायला निघाला होता, आज तू तिचं पोट मागतेस?" मग हसू थांबले. "ओंजळ खाते आणि चिमूट देते. तेवढ्यानं तुझा उतार भरेल? बर्फ पडेपर्यंत टोपलीभर रोपं होतील. आणि मी का देऊ? तुला उतार मिळाला की माझ्या शेळ्यांनी काय माझं फडकं खायचं?"

हिशेब खरा होता. हातात बी होते, जमीन समोर होती, आणि मधे घोडे अडले होते ते एका कोंबडीच्या भुकेपाशी.

"मी चुकले आंटी," ती म्हणाली. "चोर म्हणायला नको होतं."

"हे तू माझ्या उंबऱ्यात म्हणतेस. ते मात्र अख्ख्या विटक्लिपसमोर म्हणाली होतीस." आणि दार लागले.

तो दिवस लेयाने कसा काढला ते तिलाच माहीत. ती बी दाताखाली धरी, पाण्यात टाकी, गरम राखेत ठेवी. दुसऱ्या दिवशी दुपारी ती अशीच दारात बसली असताना तिला वाटले, आज काहीतरी चुकतेय. मग लक्षात आले. शेजारून राणीचा आवाज येत नव्हता.

कुंपणाच्या फटीतून द्रीका आली. एका हातात झाकलेले भांडे, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली. तिने भांडे खाली ठेवले आणि मूठ लेयाच्या तळहातावर उघडली. पाच-सहा खडे होते. झिजलेले, गुळगुळीत, आणि त्यांच्यात अडकून राहिलेले एक पिवळे बी, ओरखडे पडलेले.

"हे होतं आत," द्रीका म्हणाली. "एवढंच. पेटीतल्यासारखे जपून ठेवलेले खडे."

लेया खड्यांकडे बघतच राहिली. "राणी?"

"भांड्यात आहे. गरम आहे तोवर खा."

"आंटी, दुसरी कापायची होतीत! एवढ्या कोंबड्या आहेत तुमच्याकडे!"

"दुसरीनं कुठं चहा उगवून दाखवलाय? बघायचं तर हिच्याच पोटात बघायला हवं होतं." द्रीकाने नाक पुसले, आणि ते तपकिरीमुळे नव्हते. "जन्मभर कोंबड्या साफ केल्या. खडे काढून फेकून दिले. काल तू गेलीस आणि मला चैन पडेना. ही बया आत करते तरी काय? तुझ्यावर रागावू की विचार करू, कळेना. मग म्हटलं, राग काय, नंतरही येईल. ऊठ आता, रडतेस काय? हे खडे आत दाणा घासतात, तसं आपण हातानं घासू. तुझा वाटायचा चपटा दगड आण!"

लेयाने दगड आणला, वाळू आणली. आणि उतावीळपणे मूठभर बी दगडाखाली धरून असे रगडले की त्याचे पीठ झाले.

"अगं सत्यानाश!" द्रीकाने दगड हिसकला. "भरडायचं नाहीये, ओरखडे काढायचेत! हात हलका. मूल न्हाऊ घालतेस असं समज. फ्लोरिस, उभा काय राहिलास? वाळू चाळ, बारीक हवी!"

तिने वाळूत बी मिसळले, वर दगड ठेवला आणि नुसता फिरवला, जोर न देता. मग एक दाणा उचलून उन्हात धरला. त्याची चकाकी गेली होती. तिने तो राणीच्या खड्यांमधल्या दाण्याशेजारी ठेवला. दोन्ही सारखे दिसत होते.

"जमलं," ती हळूच म्हणाली. आणि मग मोठ्याने, "जमलं की गं!"

दोघी एकमेकींचे हात धरून दारात नाचल्या. खरेच नाचल्या, फ्लोरिस साक्षीला आहे. दिवस मावळेपर्यंत सगळे बी घासून झाले, आणि दुसऱ्या सकाळी पेरूनही झाले. राणीचे सार तिघांनी खाल्ले. चांगले झाले होते, हे सांगायला कुणाची जीभ उचलेना.

मग वाफा हिरवा झाला. नुसता हिरवा नाही, उसळला! लेया रोज पहाटे उठून तो बघून यायची. द्रीकाही यायची, पण आपण शेळ्यांना पाणी पाजायला आलो असे दाखवायची. शेळ्या घरीच बांधलेल्या असायच्या.

जूनच्या थंडीत एका सकाळी स्नेउकोप पांढरा झाला. ऊम अडोनिस काठी टेकत वाफ्यावर आले, मागे सगळी वस्ती. रोपे वीतभर झाली होती. ऊम वाकले, एक रोप बोटाने हलवून बघितले.

"साठ वर्षांत वाफ्यात असा चहा नाही बघितला," ते म्हणाले. "उतार तुझा, लेया."

लोक ओरडले, टोप्या उडाल्या, फ्लोरिसने गाढवाची पापी घेतली. लेयाने हात वर केला. सगळे गप्प होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.

"मी आंटी द्रीकाला सगळ्यांसमोर चोर म्हणाले होते. म्हणून सगळ्यांसमोरच सांगते. त्यांनी काही चोरलं नव्हतं. मी भाकरी बघायला गेले आणि ताट झाकलं नाही, चूक माझी. बी कसं उगवायचं हे त्यांनी शोधलं, स्वतःची राणी कापून. उतार आपल्या हातून जाणार हे ठाऊक असून शोधलं." ती द्रीकाकडे वळली. "मला तेव्हा माणूस ओळखता आलं नाही. मला माफ करा आंटी."

द्रीका इकडे तिकडे बघू लागली. तिला शिव्यांची सवय होती, याची नव्हती.

"पुरे," ती म्हणाली. "रोपांवर रडू नकोस, खारट पाणी लागेल त्यांना."

सगळे उताराकडे निघाले. वर बोचरा वारा होता, माती ओली होती, आणि बापाच्या खडकाजवळ लेयाने पहिला खड्डा घेतला. रोप हातात धरून ती थांबली. गर्दीतून कुणीतरी ओरडले, "पहिलं रोप कोण लावणार? बी दिलं मुंग्यांनी!"

"मुंग्यांनी मला नुसते दगड दिले होते," लेया म्हणाली. "त्यांचं बी केलं ते यांनी." आणि तिने रोप द्रीकासमोर धरले.

द्रीकाने ते लगेच घेतले नाही. तिने आधी पोलक्याच्या खिशात हात घातला आणि फडक्याची एक लहानशी पुरचुंडी काढली. आत राणीचे खडे होते. इतके महिने तिने ते जवळ बाळगले होते. ती गुडघ्यांवर बसली, खडे खड्ड्याच्या तळाशी एकेक करून ठेवले, त्यावर रोप उभे केले आणि दोन्ही हातांनी माती दाबली.

"खा आता हवं तेवढं," ती खड्ड्याला म्हणाली. "कुणी चोर म्हणणार नाही."

मग ती उठली, हात झटकले आणि लेयाला म्हणाली, "दुसरं दे."